खारपाण पट्ट्यात समुद्रफूल

अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने जवळपास सहाशे किलोमीटर दूर आहे. अमरावतीहून तो आणखी थोडा लांब. तरीही वऱ्हाडात आता हौसेने खाऱ्या पाण्याची मत्स्यालयं ठेवणारे लोक भेटतात. गोल्डफिश, गप्पी, फायटर झाले की नजर हळूहळू त्या नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशकडे जाते. २००३ मध्ये आलेल्या 'फाइंडिंग नेमो' या चित्रपटाने हा मासा घराघरांत पोचवला. मासा आला की त्याचं घरही हवंसं वाटतं. हे घर म्हणजे सी ॲनिमोन, मराठीत समुद्रपुष्प किंवा समुद्रफूल.

जठारपेठेतल्या माझ्या एका मित्राने गेल्या हिवाळ्यात असंच एक फूल आणलं. मे महिन्यात ते गेलं. मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून त्याने मला फोन केला; पण मी पोचलो तेव्हा टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं आणि घरभर कुबट वास सुटला होता. त्याची आई मला बघून म्हणाली, "पोरीच्या फीपेक्षा त्या फुलालेच जास्त पैसे लागले, बाप्पा. मासोया ठेवल्या असत्या त काय झालं असतं?" मित्र गप्प होता. त्याचा प्रश्न एकच होता : सगळं तर केलं, मग चुकलं कुठे?

नावात फूल असलं तरी हा प्राणी आहे. जेलीफिश आणि प्रवाळ यांचा हा नातेवाईक. खाली एक पाय, म्हणजे खडकाला घट्ट धरणारी चकती. वर तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शिका, म्हणजे बोटांसारखे लवचिक धागे. आत येणारं अन्न आणि बाहेर पडणारी घाण यांना दार एकच. मेंदू नाही, रक्त नाही, नुसतं मज्जातंतूंचं जाळं. मात्र प्रत्येक स्पर्शिकेवर हजारो दंशपेशी असतात. स्पर्श झाला की पेशीतली गुंडाळलेली नळी बाहेर उसळते आणि भक्ष्यात विष टोचते. या गटातल्या हायड्रा नावाच्या इवल्या जीवावर मोजमाप झालं, तेव्हा ही उसळी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात घडते असं दिसलं. प्राणिजगतातल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते.

जगात समुद्रफुलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. पण क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या जेमतेम दहा. घरात टिकण्याची त्यातल्या त्यात शक्यता आहे ती बबल टिप या जातीची, कारण ती टाकीत स्वतःचे दोन तुकडे करून वाढते आणि समुद्रातून ओरबाडून आणावी लागत नाही. गालिचासारखी पसरणारी किंवा 'मॅग्निफिका' म्हणून विकली जाणारी देखणी फुलं नवख्याच्या हाती बहुतेक वेळा काही महिन्यांतच जातात. आणि एक सावधगिरी : दुकानात पांढरंशुभ्र फूल दिसलं की लोक भुलतात. निरोगी फुलाचा रंग सहसा तपकिरी, हिरवट किंवा गव्हाळ असतो, कारण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा फुलाला देतं. पांढरं फूल म्हणजे शैवाल गमावलेलं, उपाशी फूल. पिवळ्याधमक किंवा गुलाबी रंगात बुडवलेली फुलंही बाजारात येतात. ती घेऊ नयेत.

आता मित्राच्या चुकीकडे. पाणी खारंच हवं ना, मग आपल्याकडे काय कमी आहे, असं तो सुरुवातीला गमतीने म्हणायचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर असा मोठा खारपाण पट्टा आहे, आणि तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. पण खारं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड ५५ टक्के, सोडियम ३० टक्क्यांच्या आसपास, उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. हे प्रमाण जगभरच्या महासागरांत जवळपास सारखं असतं आणि समुद्रफूल त्याच प्रमाणाला सरावलेलं असतं. खारपाण पट्ट्यातलं पाणी त्या मानाने कितीतरी फिकं, आणि त्यातल्या क्षारांचं गणितच वेगळं. शिवाय अमरावती, बुलडाणा भागातल्या अनेक विहिरींत नायट्रेट जास्त आहे. स्वयंपाकघरातलं मीठ टाकूनही उपयोग नाही. त्यात सोडियम आणि क्लोराइड सोडून जवळपास काही नसतं.

म्हणून आधी आरओचं शुद्ध पाणी आणि मग त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठ, हाच रस्ता. २०० लिटरच्या टाकीला सुरुवातीलाच सुमारे ७ किलो मीठ लागतं, आणि दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं तर पुन्हा पाऊण किलो. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी फेकतं, हेही हिशेबात धरावं. नळ काही दिवसांआड येणाऱ्या गावात हे फेकलेलं पाणी निदान भांडी-फरशीला तरी वापरलं पाहिजे. माझ्या मित्राच्या आईने ते आपणहून सुरू केलं होतं. घरातला पर्यावरणवादी कोण, हे मी तेव्हाच ओळखलं.

तांब्याचा एक मुद्दा इथे सांगायलाच हवा. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यातलं पाणी आरोग्याचं मानतात. समुद्रफुलासाठी मात्र तांबं विष आहे, आणि अगदी थोडंही. टाकीत ओतायचं पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये. माशांच्या त्वचारोगावर दिली जाणारी कितीतरी औषधंही तांब्याचीच असतात. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढूनच त्याला असं औषध द्यावं.

मित्राने हे सगळं पाळलं होतं. त्याचं पहिलं चुकलं ते घाईत. टाकी लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याने फूल आणलं. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. या जिवाणूंची वस्ती दगडांवर आणि वाळूत जमायला महिना-दीड महिना लागतो, आणि सगळ्या टाकीचं तंत्र बसायला त्याहून जास्त. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. गोड्या पाण्याच्या टाकीत जेवढं खपून जातं तेवढं इथे खपत नाही. जाणकार लोक टाकी किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर चालू ठेवून मगच फूल आणतात. हे ऐकून नवखा माणूस वैतागतो. पण ज्याला सहा महिने नुसतं पाणी आणि दगड बघवत नाहीत, त्याने हा नाद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. समुद्रफूल चालतं. आपण कौतुकाने ते टाकीच्या मधोमध, समोरून दिसेल असं ठेवतो. रात्रीत ते घसरत घसरत मागच्या कोपऱ्यात जातं. हा हट्टीपणा नसतो. तिथला उजेड, प्रवाह किंवा पायाखालची जागा त्याला मानवत नाही, एवढंच ते सांगत असतं. बबल टिपला पाय लपवायला दगडातली खोल कपार हवी आणि डोकं वर उजेडात. गालिचा जातीला वाळू. तेव्हा आधी टाकीत दोन-तीन कपारी करून ठेवायच्या, फूल त्यांच्याजवळ सोडायचं, काही तास पंप बंद किंवा मंद ठेवायचा आणि पुढचं त्याच्यावर सोपवायचं. जागा आवडली की ते महिनोन्महिने, वर्षानुवर्षं हलत नाही. ओढून काढायला गेलात की पाय फाटतो, आणि पाय फाटलेलं फूल क्वचितच जगतं. एकदा ते बसलं की दिवे बदलू नयेत, दगड हलवू नयेत, पंपाचं तोंड फिरवू नये. आपले हात शांत राहिले तर फूल शांत राहतं.

या चालण्यातच त्याचं सर्वांत सामान्य मरण दडलेलं आहे. भटकता भटकता ते पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या जाळीत ओढलं जातं आणि त्याच्या चिंध्या होतात. मेलेलं फूल काही तासांत सडतं आणि टाकीतल्या माशांनाही घेऊन जातं. पंपाला स्पंजचं किंवा बारीक जाळीचं टोपण लावणं हा उपाय इतका साधा आहे की तो बहुतेकांना फूल गमावल्यावरच सुचतो. मित्रालाही तसाच सुचला. मेच्या उकाड्यात अस्वस्थ झालेलं फूल सहा महिन्यांत पहिल्यांदा जागेवरून उठलं आणि रात्री पंपात गेलं.

ते उठलं कशामुळे, तर उन्हाळ्यामुळे. इथे आपल्या हवेचं थोडं विज्ञान बघण्यासारखं आहे. समुद्रफुलाला २४ ते २७ अंश तापमान लागतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, हे सांगायला नको. बंद खोलीतली टाकी ३२-३३ अंशांवर सहज जाते. पाणी तापलं की फुलाच्या अंगातलं शैवाल बाहेर पडू लागतं; समुद्रातले प्रवाळ पांढरे पडतात तेही याच कारणाने. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हेच घडलं. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात ६.८ आणि तेच पाणी ३० अंशांवर गेलं की ६.२.

चिलर यंत्र हा खरा उपाय, पण महागडा. गरीब उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा मारणारा छोटा पंखा, आणि वऱ्हाडात तो मुंबईपेक्षा चांगला चालतो! कारण माठाचंच आहे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता सोबत नेते. एक लिटर पाणी उडालं तर १०० लिटर पाणी जवळपास ६ अंशांनी थंड व्हावं इतकी उष्णता त्यातून जाते (अर्थात बाहेरची हवा ती परत देत असते). आपली मेमधली हवा कोरडी, म्हणून वाफ भराभर होते. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा अर्धंच काम करतो. मात्र त्याच खोलीत वाळ्याचा कूलर लावला असेल तर तो हवा दमट करतो आणि पंख्याची धार बोथट होते. तसंच जूनच्या अखेरीस पावसाळी हवा आली की मेमध्ये पाणी २७ वर ठेवणारा पंखा अचानक कमी पडू लागतो. उन्हाळा संपला म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि टाकी जुलैत तापते. हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

पंख्याची किंमत वेगळ्या नाण्यात चुकवावी लागते. पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ४ लिटर पाणी उडालं आणि कुटुंब चार दिवस चिखलदऱ्याला गेलं, तर परत येईपर्यंत १६ लिटर पाणी गेलेलं असतं आणि लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार ३८ झालेले असतात. घरी आल्याबरोबर बादलीभर पाणी ओतलं की एका झटक्यात ते परत ३५. हा झटका फुलाला सोसत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज, थोडं थोडं, बिनमिठाचं आरओ पाणी घालायचं. खारं घालायचं नाही. ही चूक भलेभले करतात.

वीज गेली की पंखा, पंप, सगळंच थांबतं. घरच्या इन्व्हर्टरवर निदान पाणी खेळवणारा एक पंप किंवा बॅटरीवरचा हवेचा पंप जोडलेला असावा. आणि हिवाळा विसरू नये. अमरावतीत जानेवारीच्या रात्री पाणी २० अंशांखाली उतरतं. तेव्हा हीटर लागतो.

खाण्याचं फार लाड करू नयेत. उजेड पुरेसा असेल तर आठवड्यातून एक-दोनदा, नखाएवढा ताज्या कोळंबीचा तुकडा पुरे. मोठा घास दिला तर ते काही तासांनी ओकतं आणि पाणी नासतं. फूल अधूनमधून आकसून लिंबाएवढं होतं. पोटातली घाण बाहेर टाकण्याची ती त्याची रीत आहे, पुन्हा फुलतं. पण दिवसभराहून जास्त वेळ ते मलूल पडलं, तोंड उघडं राहिलं, पाय सुटून पाण्यात तरंगू लागलं, तर ते सावरण्याची आशा कमी असते. वेळेत बाहेर काढलेलं बरं.

आता घरातल्या माणसांचं. तळहाताची कातडी जाड असल्याने स्पर्शिका नुसत्या चिकट लागतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. मनगट, चेहरा, डोळे इथे तसं नसतं. आणि खरी भीती दुसऱ्या दंशाची. याचा शोधही समुद्रफुलामुळेच लागला, हे वैद्यकाच्या इतिहासातलं एक विलक्षण पान आहे. फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना थोडं थोडं देऊन पाहिलं. सवय होऊन प्रतिकारशक्ती वाढेल, अशी कल्पना. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिल्या लहान मात्रेने काहीच झालं नाही. २२ दिवसांनी तीच मात्रा दिली, आणि तो धडधाकट कुत्रा २५ मिनिटांत मेला. शरीराने संरक्षण शिकण्याऐवजी उलटंच काही शिकलं होतं. रिशेंनी याला 'ॲनाफिलॅक्सिस' असं नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांना यासाठी नोबेल मिळालं. पेनिसिलिनचं इंजेक्शन, गांधीलमाशीचा दंश, शेंगदाणा यांनी काहींना येणारी जीवघेणी ॲलर्जी ती हीच.

तेव्हा टाकीत हात घालताना कोपरापर्यंतचे हातमोजे घाला. दंश झालाच तर चोळू नका, टाकीच्याच खाऱ्या पाण्याने धुवा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका. अकोल्याचं सर्वोपचार असो की अमरावतीचं इर्विन, सरळ तिथे पोचा; ॲड्रिनलिनच्या इंजेक्शनला पर्याय नाही.

आणखी दोन धोके कमी माहीत आहेत. हाताला जखम असताना टाकी साफ केली तर 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' हा क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ आत शिरू शकतो. काही आठवड्यांनी बोटावर किंवा हाताच्या पाठीवर न दुखणारी, न भरणारी गाठ येते. ती माणसाकडून माणसाला होत नाही, औषधाने बरी होते; पण औषध महिनोन्महिने घ्यावं लागतं. घरात फिशटँक आहे हे डॉक्टरांना आपण सांगितलं नाही, तर निदान लांबतं. कारण हा जंतू प्रयोगशाळेत शरीराच्या तापमानाला नव्हे, ३० अंशांच्या आसपास वाढवावा लागतो. दुसरा धोका समुद्रफुलाचे भाऊबंद असलेल्या झोअँथिड या बटणासारख्या जिवांचा. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. ते चिकटलेले दगड उकळत्या पाण्याने धुतल्याने उडालेल्या वाफेतून सबंध कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. टाकीतला दगड कधीही उकळू नये.

'रीफ टँक' म्हणून ज्याची चित्रं आपण बघतो त्यातले दगडी प्रवाळ मात्र आपल्याकडे ठेवता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला, त्यांचा समावेश २००१ मध्येच झाला आहे. समुद्रघोडे आणि राक्षसी शिंपलेही त्याच यादीत आहेत. त्यामुळे दुकानदार काहीही म्हणो, सिरॅमिकचे किंवा कृत्रिम दगडच घ्यावेत. क्लाउनफिश घ्यायचा तर पैदास केलेला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास कधीच साध्य केली आहे. आणि हा मासा फुलाशिवाय टाकीत मजेत राहतो, हे आईवडिलांनी मुलांना जरूर सांगावं.

मन मात्र कचरतं ते वयाच्या हिशेबापाशी. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक साधं लाल समुद्रफूल बरणीत आणलं. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. फूल मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं, लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणू लागले, आणि ती आजी १८८७ मध्ये गेली. ना पंप, ना दिवे, नुसती बरणी आणि वेळच्या वेळी बदललेलं समुद्राचं पाणी. तिथेच, त्याच काळात, फिलिप गॉस यांच्या १८५४ च्या मत्स्यालयावरच्या पुस्तकाने अशी लाट आणली की हौशी लोकांनी इंग्लंडचे खडकाळ किनारे अक्षरशः खरवडून काढले.

ज्यांना फूल फक्त बघायचं आहे त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. मुंबईत गिरगाव, हाजी अली, जुहूचे खडक, किंवा कोकणात मालवण, रत्नागिरी. ओहोटीची वेळ बघून जा, डबक्यात वाकून पाहा. हात लावू नका.

मित्राने टाकी विकली नाही. दसऱ्याला त्याने ती पुन्हा भरली, पंपाला जाळी बसवली, उडालेल्या पाण्याची नोंद ठेवायला भिंतीवर कॅलेंडर टांगलं. त्यात सध्या सिरॅमिकचे चार दगड आणि दोन लहान क्लाउनफिश आहेत. कॅलेंडरवर रोज लिटर लिहिण्याचं काम मुलीकडे आहे. फूल आणायचं की नाही, ते पुढचा मे आणि जुलै बघून ठरवायचं, असं घरात ठरलं आहे. मासोया मात्र आजीला आवडल्या आहेत.